एसी न मागणारं एक्स्चेंज

रेंज दोन मिनिटं गेली तरी आपण कासावीस होतो. १९८०च्या सुमारास सत्तर कोटींच्या या देशात फोन होते जेमतेम वीस-पंचवीस लाख, आणि तेही बहुतेक शहरांत. खेड्यात फोन न पोचण्याचं एक कारण साधं होतं. परदेशी बनावटीच्या डिजिटल एक्स्चेंजला एसीची खोली लागायची. जिथे दिवसभर वीजच टिकत नाही, तिथे एसी कुठून आणायचा?

दुसरी अडचण वापराची. श्रीमंत देशांत घरटी फोन असायचा, त्यामुळे एकेका लाइनवर बोलणं बेताचं. आपल्याकडे एका फोनवर अख्खी आळी यायची. तिकडच्या हिशोबाने बांधलेली यंत्रं इथे गुदमरायची.

ऑगस्ट १९८४मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था उभी राहिली. मुदत ३६ महिने, पैसे ३६ कोटी. सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने जमलेले इंजिनिअर बहुतांशी पंचविशीतले होते. त्यांनी कमी वीज खाणारे, म्हणून कमी तापणारे सुटे भाग निवडले आणि साध्या हवेवर गार राहणारं १२८ पोर्टचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज घडवलं. १९८६मध्ये ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला, राणी चन्नम्माच्या गावी, सुरू झालं.

मोठ्या शहरी एक्स्चेंजला मात्र मुदत पुरली नाही, त्यावरून टीकाही झाली. पण धूळ, उकाडा आणि लोडशेडिंग या तक्रारी नसून डिझाइनच्या अटी आहेत, हे त्या पोरांनी कित्तूरला करून दाखवलं होतं.