ऑसियनच्या काव्यातील नावे : साहित्य, संगीत आणि इतिहास

प्रस्तावना

व्यक्तिनामे ही इतिहासाची दुय्यम साधने मानली जातात. वंश, प्रदेश आणि धर्म यांचा माग काढण्यासाठी अभ्यासक त्यांचा आधार घेतात. परंतु नाव जसे वारशाने येते तसे वाचनानेही येते. हा भेद दुर्लक्षिला गेल्यास निष्कर्ष फसवे ठरतात. ‘ऑस्कर’ या नावाचा प्रवास त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

उगम आणि वाद

स्कॉटलंडमधील जेम्स मॅक्फर्सन यांनी १७६० ते १७६३ या काळात ऑसियन नावाच्या प्राचीन कवीच्या गेलिक रचनांचे इंग्रजी भाषांतर म्हणून काही ग्रंथ प्रसिद्ध केले. वीर फिंगल, त्याचा पुत्र ऑसियन, नातू ऑस्कर आणि ऑस्करची प्रिया मालविना ही त्यांतील प्रमुख पात्रे होत. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७७५ मध्ये या काव्याच्या अस्सलपणावर कठोर आक्षेप घेतला. डेरिक थॉमसन यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले की, मॅक्फर्सन यांच्यासमोर खरी गेलिक लोकगीते होती. मात्र त्यांची मांडणी व विस्तार त्यांनी स्वतःच्या मतीने केला होता. ऑस्कर हा आयरिश वीरकथांतील जुनाच नायक आहे, तर ‘मालविना’ हे नाव मॅक्फर्सन यांनी घडविलेले आहे. म्हणजेच एकाच ग्रंथातून जुने आणि नवे अशी दोन्ही प्रकारची नावे प्राचीनतेच्या एकाच वेषात युरोपभर गेली.

राजघराण्यातील नाव

चेझारोत्ती यांच्या इटालियन भाषांतरामुळे नेपोलियन या काव्याचा चाहता झाला. त्याचा सेनानी बर्नादोत याला १७९९ मध्ये पुत्र झाला. त्याचे ‘ऑस्कर’ हे नाव नेपोलियनने सुचविले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे १८१० मध्ये स्वीडनने बर्नादोत यास युवराज म्हणून निवडले. त्याचा हा पुत्र १८४४ मध्ये स्वीडन व नॉर्वेचा राजा झाला. नातू ऑस्कर दुसरा याने १८७२ पासून राज्य केले. नॉर्वेतील ऑस्कर्सबोर्ग हा किल्ला पहिल्या ऑस्करच्या नावाचा आहे. ९ एप्रिल १९४० रोजी याच किल्ल्यावरून जर्मन युद्धनौका ‘ब्ल्यूखर’ बुडविण्यात आली. अशा रीतीने गेलिक कथेतील नाव फ्रेंच कुटुंबामार्फत नॉर्डिक इतिहासात रुजले. या राजांचा आयरिश वंशाशी संबंध जोडणे हे अर्थातच चुकीचे ठरेल.

साहित्य व संगीत

ऑस्कर वाइल्ड (जन्म १८५४, डब्लिन) यांच्या नावात ‘ऑस्कर’ व ‘फिंगल’ ही दोन्ही नावे आढळतात. आयरिश राष्ट्रीय भावनेने प्रेरित मातेने ही निवड करणे स्वाभाविक होते. स्वीडिश राजघराण्यात जे नाव वाचनाची खूण होते, तेच येथे परंपरेवरील हक्काचे चिन्ह ठरले. ‘सेल्मा’ हे मॅक्फर्सन यांच्या काव्यात फिंगलच्या प्रासादाचे नाव आहे. उत्तर युरोपात मात्र ते मुलींना ठेवले जाऊ लागले. १९०९ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री लेखिका सेल्मा लागरलोफ यांचे नाव तेच आहे.

संगीतकारांनीही हे काव्य आपलेसे केले. मेयूल यांनी १८०६ च्या ‘उथाल’ या ऑपेरात व्हायोलिन वगळून गंभीर, धूसर नादवातावरण निर्माण केले. मेंडेल्सन यांना हेब्रिडीज बेटांच्या १८२९ मधील प्रवासातून ‘हेब्रिडीज’ या वाद्यवृंदरचनेची प्रेरणा मिळाली. तीच रचना पुढे स्टाफा बेटावरील ‘फिंगलची गुहा’ या नावानेही ओळखली जाऊ लागली.

नामसाम्याची मर्यादा

सारखे दिसणारे प्रत्येक नाव एकाच कुळातील असते असे नव्हे. दक्षिण अटलांटिकमधील ‘माल्व्हिनास’ बेटांचा मालविनेशी काहीही संबंध नाही. फ्रान्समधील सँ-मालो बंदरातून आलेल्या लोकांमुळे ते नाव पडले. १९८२ च्या गांधी चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना १९८३ मध्ये मिळालेल्या पारितोषिकाचे ‘ऑस्कर’ हे टोपणनावही सावधपणे पाहिले पाहिजे. ते कोणी दिले याविषयी एकाहून अधिक दावे असल्याने, केवळ नामसाम्यावरून त्याचे नाते थेट ऑसियनच्या काव्याशी जोडता येत नाही.

समारोप

ग्रंथाचा अस्सलपणा आणि ग्रंथाचा परिणाम हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. मॅक्फर्सन यांचे काव्य प्राचीन ठरले नाही. तरी त्यातून प्रसृत झालेली नावे धारण करणारी माणसे, किल्ले व स्वररचना हा खरा इतिहास आहे. म्हणून नाव हा वंशाचा पुरावा मानण्यापूर्वी ते कोणत्या वाटेने आले, हे तपासणे इतिहासकाराचे कर्तव्य ठरते.