प्रवाळ-मत्स्यालयातील उपद्रवी शैवाले

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात खडक, वाळू व काचेवर बेसुमार वाढून प्रवाळांची जागा आणि प्रकाश बळकावणाऱ्या शैवालांना व शैवालसदृश सूक्ष्मजीवांना उपद्रवी शैवाले म्हणतात. प्रत्येकावरील उपाय वेगळा असल्याने आधी ओळख पटवावी लागते.

नव्या टाकीतील तपकिरी, सहज पुसला जाणारा थर डायाटमांचा असतो. पाण्यातील सिलिकेट संपले की तो ओसरतो. हिरवे केसाळ पुंजके बहुधा डर्बेसियाचे, पिच्छाकृती फांद्या ब्रायॉप्सिसच्या, तर चकचकीत हिरवे फुगे व्हॅलोनियाचे असतात. लालसर, बुळबुळीत पापुद्रा सायनोबॅक्टेरियांचा असतो. बुडबुडे अडकलेले तपकिरी, चिकट धागे डायनोफ्लॅजेलेटांचे असू शकतात. खात्री सूक्ष्मदर्शकानेच होते.

हिरव्या शैवालांच्या वाढीमागे बहुधा नायट्रेट व फॉस्फेट या पोषकद्रव्यांचा साठा असतो. शैवाल हाताने उपटणे, खाद्य कमी करणे, आरओ-डीआय (उलट परासरण व विआयनीकरण) पद्धतीने शुद्ध केलेल्या पाण्याने नियमित पाणीबदल, सेंद्रिय कचरा फेसावाटे काढणारा प्रोटीन स्किमर, फॉस्फेटशोषक लोह-ऑक्साइडचे कण आणि शैवालभक्षक ट्रोकस गोगलगायी हे मुख्य उपाय होत. ब्रायॉप्सिसवर फ्लुकोनाझोल हे बुरशीरोधक औषध वापरतात. डायनोफ्लॅजेलेट मात्र पोषकद्रव्ये शून्यावर आल्यावर अनेकदा माजतात. तेव्हा ही द्रव्ये अल्प प्रमाणात टिकवून डायनोफ्लॅजेलेटांच्या काही जातींविरुद्ध अतिनील दिवा लावतात.