सीसीटीव्ही दिवसा चालतो आणि रात्री बंद पडतो? दोष कॅमेऱ्यात नाही, वायरीत असू शकतो

घरी सीसीटीव्ही बसवायचा ठरला की चर्चा होते ती कॅमेऱ्याची. किती मेगापिक्सेल, रात्री रंगीत दिसेल का, मोबाईलवर पाहता येईल का? भिंतीतून जाणाऱ्या वायरीबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारतं. 'वायर आमची, तुम्ही काळजी करू नका,' असं टेक्निशियन म्हणतो आणि विषय तिथंच संपतो.

पुढे एखाद्या रात्री काही घडतं. सकाळी रेकॉर्डिंग उघडावं, तर नेमका तेवढाच भाग गायब. असं का होतं आणि वायरिंग करताना काय पाहायचं, समजून घेऊया.

एकाच वायरीतून वीज आणि चित्र कसं जातं?

जुन्या डीव्हीआर पद्धतीत प्रत्येक कॅमेऱ्याला चित्रासाठी जाड कोॲक्सियल केबल लागते आणि विजेसाठी वेगळी वायर. आयपी कॅमेऱ्यात मात्र एकच नेटवर्क केबल दोन्ही कामं करू शकते. या तंत्राला पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजेच पीओई म्हणतात. याचं पहिलं प्रमाण २००३ मध्ये ठरलं. त्यानुसार स्विचच्या एका पोर्टमधून १५.४ वॉटपर्यंत वीज मिळते. वायरीतली घट धरून कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॉट पोहोचेल, असं गृहीत धरलेलं असतं.

याचा मोठा फायदा वीज गेल्यावर कळतो. पीओई स्विच, रेकॉर्डर म्हणजे एनव्हीआर आणि वायफाय राउटर एकाच यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर टाकले की लोडशेडिंगमध्येही सगळे कॅमेरे सुरू राहतात.

मग रात्रीच कॅमेरा का बंद पडतो?

अंधार झाला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि कॅमेरा जास्त वीज ओढू लागतो. वायर हलकी असेल तर त्याच वेळी व्होल्टेज पडतं. कॅमेरा बंद होतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद होतो. सकाळी दिवे विझले की सगळं सुरळीत, त्यामुळे तपासायला आलेल्या माणसाला दोष दिसतच नाही.

याचं एक नेहमीचं कारण म्हणजे सीसीए वायर. बाहेरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. अशी वायर स्वस्त मिळते, पण लांब अंतरावर वीज कमी पोहोचवते, जास्त तापते आणि वाकवताना लवकर तुटते.

ओळखायची कशी? वायरीचं टोक ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला तर ते शुद्ध तांबं नाही. बॉक्सवर 'सॉलिड बेअर कॉपर' असं लिहिलेलं आहे का, तेही पाहा.

दुसरं कारण स्विचचं. समजा ८ पोर्टचा स्विच एकूण ६० वॉट देतो आणि प्रत्येक कॅमेरा रात्री १० वॉट घेतो. आठही पोर्ट भरले तर गरज ८० वॉटची होते. पोर्ट आहेत, पण वीज पुरत नाही.

कॅट-५ई की कॅट-६?

एक ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ४ ते ८ मेगाबिट प्रतिसेकंद इतकाच डेटा पाठवतो. त्यामुळे घरासाठी शुद्ध तांब्याची कॅट-५ई पुरेशी आहे. नवीन बांधकामात वायर कायमची भिंतीत जाणार असेल, तर कॅट-६ घालणं शहाणपणाचं. पण हलक्या सीसीए कॅट-६ पेक्षा तांब्याची कॅट-५ई केव्हाही चांगली.

दोन्ही केबलना अंतराची मर्यादा १०० मीटर आहे. बंगल्याच्या फाटकापर्यंतचं अंतर मोजताना जिन्याची चढण आणि वळणंही धरा.

वायर कुठून न्यायची?

- २३० व्होल्टच्या वायरी असलेल्या पाईपमधून नेटवर्क केबल कधीही ओढू नये. इन्सुलेशन खराब झालं तर कॅमेऱ्याच्या वायरीत घरातली वीज उतरू शकते. यात उपकरणंच नाही, माणूसही धोक्यात येतो.
- समांतर न्यायचीच असेल तर वेगळ्या पाईपमधून किंवा केसिंग पट्टीतून, साधारण फूटभर अंतर ठेवून न्यावी. ओलांडायची असेल तर काटकोनात.
- केबल तीव्र कोनात मोडू नये. वळण गोलाकार ठेवावं.
- मधे जोड देणं टाळावं. रेकॉर्डरपासून कॅमेऱ्यापर्यंत अखंड वायर असावी.

प्लास्टरच्या आधी काम होत असेल, तर पाईपमध्ये ओढण्यासाठी एक जादा दोरी सोडून ठेवा. पुढे वायर बदलताना भिंत फोडावी लागणार नाही.

पावसाळ्याचं काय?

घरात वापरायची साधी केबल उन्हात कडक होते आणि तिला तडे जातात. बाहेरच्या भागासाठी ऊन सोसणारी, काळ्या आवरणाची आउटडोअर केबल घ्यावी किंवा केबल पाईपमधून न्यावी.

भिंतीला भोक पाडताना त्याचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. कॅमेऱ्याजवळ वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, आत शिरत नाही. जॅकचा जोड उघडा न ठेवता बंद बॉक्समध्ये असावा. त्याचा आणखी एक फायदा आहे. बाहेर हाताशी येणाऱ्या जॅकला कुणी लॅपटॉप जोडला, तर तो थेट घराच्या नेटवर्कमध्ये शिरू शकतो.

उघड्या गच्चीवरच्या किंवा फाटकावरच्या कॅमेऱ्याला सर्ज प्रोटेक्टर आणि योग्य अर्थिंग आवश्यक आहे. जवळ वीज पडली तर लांब वायरीतून आलेला झटका स्विच आणि रेकॉर्डर दोन्ही निकामी करू शकतो.

पैसे देण्याआधी काय तपासाल?

प्रत्येक वायर टेस्टरवर लावून आठही तारा जुळल्या आहेत का, हे समोर पाहा. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखाच हवा. प्रचलित टी५६८बी पद्धतीत तो असा असतो: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्रत्येक टोकाला कॅमेऱ्याचं नाव लिहून घ्या आणि भिंतीतल्या पाईपचे फोटो काढून ठेवा.

रेकॉर्डर टीव्हीशेजारी उघड्यावर ठेवू नका. चोराने तोच उचलून नेला तर पुरावाही जातो. कुलूप लागेल, पण हवा खेळती राहील असं कपाट निवडा.

शेवटची तपासणी अंधार पडल्यावर करा. सगळे कॅमेरे रात्रभर चालू ठेवा आणि सकाळी रेकॉर्डिंग सलग आहे का ते पाहा. उरलेले पैसे त्यानंतर दिलेले बरे.