एका चौकटीत अनेक रेषा: आलेख एकत्र मांडण्याचा इतिहास

दोन-तीन प्रकारची आकडेवारी एकाच आलेखात मांडण्याची पद्धत संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. तिचा पहिला मोठा वापर विल्यम प्लेफेअर यांनी केला. मूळचे स्कॉटिश असलेले प्लेफेअर बर्मिंगहॅमला जेम्स वॉट यांच्याकडे आरेखक म्हणून काम करत. 1786 मध्ये त्यांनी लंडनमध्ये इंग्लंडच्या व्यापाराचा आलेखसंग्रह प्रसिद्ध केला. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले हे आलेख हाताने रंगवलेले होते.

त्यातील डेन्मार्क-नॉर्वेशी झालेल्या व्यापाराचा आलेख विशेष गाजला. त्यात 1700 ते 1780 या काळातील आयात आणि निर्यात अशा दोन रेषा आहेत. सुरुवातीला आयातीची रेषा वर आहे. 1755 च्या सुमारास दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात आणि पुढे निर्यात वर राहते. रेषांमधली जागा रंगवून कोणत्या काळात तोटा आणि कोणत्या काळात नफा, हे प्लेफेअर यांनी तिथेच लिहिले. दोन्ही रेषा पौंडांत आणि एकाच मापावर असल्यामुळे त्यांमधले अंतर म्हणजेच व्यापारातील तफावत ठरते. एकत्र मांडणीचे खरे बळ इथे दिसते, कारण ही तफावत कोणत्याही एका रेषेत नाही.

1821 मध्ये प्लेफेअर यांनी आणखी पुढचा प्रयोग केला. सुमारे अडीचशे वर्षांतील गव्हाचे भाव त्यांनी स्तंभांनी दाखवले, कारागिराची आठवड्याची मजुरी रेषेने दाखवली आणि माथ्यावर राजा-राण्यांच्या कारकिर्दी मांडल्या. मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधी नव्हता इतका स्वस्त झाला आहे, हे त्यांना सांगायचे होते. पण भाव आणि मजुरी यांचे गुणोत्तर आलेखात कुठेच काढलेले नव्हते. वाचकाला ते मनातल्या मनात करावे लागे. एकत्र मांडणीची मर्यादाही अशी त्यांच्याच हातून उघड झाली.

हातातली लेखणी यंत्राकडे गेली ती 1959 मध्ये आलेल्या कॅलकॉम्प 565 या प्लॉटरमुळे. यात पिंपावरचा कागद पुढे-मागे सरके आणि पेन आडवे फिरे. फोरट्रान भाषेत लिहिलेल्या आज्ञेत 2 हा अंक दिला की पेन टेकवून रेघ ओढली जाई आणि 3 दिला की पेन उचललेले राही. दुसरी रेषा काढायची तर पेन उचलून सुरुवातीच्या बिंदूवर न्यायचे आणि पुन्हा टेकवायचे. माप ठरवण्यासाठी वेगळी उपाज्ञा होती. ती प्रत्येक आकडेवारीसाठी स्वतंत्रपणे वापरली तर दोन रेषा दोन वेगळ्या मापांवर उमटत. कागद एक, माप मात्र दोन.

पुढच्या भाषांनी पेन लपवले, पण मापाचा निर्णय उरलाच. बेल लॅब्जमध्ये 1976 पासून घडलेली एस भाषा आणि तिच्यावरून न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आर भाषा यांत ‘प्लॉट’ ही आज्ञा चौकट आखते आणि ‘लाइन्स’ तिच्यात रेषा टाकते. चौकट मात्र पहिल्या आकडेवारीच्या मापाची असते. दुसरी रेषा त्याहून उंच गेली तर ती कोणतीही सूचना न देता कापली जाते. ते टाळण्यासाठी दोन्ही आकडेवारींची किमान-कमाल आधी काढून द्यावी लागते. मॅटलॅब या गणनप्रणालीत ‘होल्ड ऑन’ म्हटले की जुना आलेख पुसला जात नाही. 1986 मध्ये आलेल्या ग्नूप्लॉट या आलेख-प्रणालीत एकाच आज्ञेत स्वल्पविराम देऊन अनेक रेषा मागता येतात.

पायथन या भाषेतील मॅटप्लॉटलिब ही आलेख-लायब्ररी मज्जाविज्ञानाचे संशोधक जॉन हंटर यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात एकामागून एक दिलेल्या रेषा एकाच चौकटीत येतात आणि माप सर्वांना सामावेल असे आपोआप बदलते. ‘ट्विनएक्स’ ही आज्ञा उजवीकडे दुसरा उभा अक्षही जोडते.

लेलँड विल्किन्सन यांनी 1999 मध्ये आलेखांचे व्याकरण मांडले. त्याच्या आधारे हॅडली विकहॅम यांनी आर भाषेसाठी जीजीप्लॉट 2 ही लायब्ररी तयार केली. इथे प्रत्येक आकडेवारी हा एक थर असतो. अधिक चिन्हाने थरावर थर चढतात आणि माप सर्व थरांना समाईक राहते. दोन स्वतंत्र उभे अक्ष देण्यास विकहॅम यांचा विरोध होता. 2016 मध्ये दुसऱ्या अक्षाची सोय आली, तीही पहिल्या अक्षाचेच गणिती रूपांतर म्हणून. या आग्रहामागे सबळ कारण आहे. दोन अक्षांची मापे वेगवेगळी ताणता येत असतील तर रेषा कुठे छेदतील, हे आकडे ठरवत नाहीत, आलेख काढणारा ठरवतो.

म्हणून एकक एकच असेल तर रेषा एका चौकटीत आणि एकाच मापावर काढाव्यात. एकके वेगळी असतील तर समान काळअक्षावर दोन चौकटी एकाखाली एक ठेवाव्यात. तुलना गुणोत्तराची असेल तर गुणोत्तर काढून त्याचीच रेषा द्यावी.