झाकलेल्या विहिरींचे गिरगाव

आमच्या वाडीच्या चौकात एक मोठी चौकोनी लादी होती. गणपतीच्या मंडपाचा खांब तिच्यावर कधी रोवला जात नसे. कारण विचारले की आजी म्हणायची, "खाली विहीर आहे रे. तिच्या डोक्यावर नाचू नये." आता वाडी पुनर्विकासाला निघाली आहे. रहिवाशांच्या बैठकीत चटईक्षेत्र, पार्किंग, लिफ्ट, तात्पुरत्या जागेचे भाडे अशा सगळ्यावर कडाडून चर्चा झाली. विहिरीचे नाव कुणी काढले नाही, मीही नाही. घरी आल्यावर ते टोचू लागले आणि मी या विहिरींचा माग काढू लागलो.

गिरगावातल्या नावांतच पुरावा आहे. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी या एकेकाळी खरोखरच्या बागा होत्या, आणि बाग म्हटली की विहीर आलीच. पुढे शहर वाढले, झाडे गेली, चाळी उभ्या राहिल्या. विहीर मात्र चौकात राहिली. पाठारे प्रभू, भंडारी, सारस्वत, कोकणातून आलेले ब्राह्मण, गुजराती, पारशी, खोताची वाडीतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती असे सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत.

बेटावर गोड्या पाण्याची चणचण जुनीच होती. १८५४च्या टंचाईनंतर विहारचा प्रकल्प मार्गी लागला, १८६०मध्ये विहारचे पाणी शहरात आले. मग १८७९मध्ये तुळशी आणि १८९२मध्ये तानसा. नळ आल्यावर विहिरी आपोआप मागे पडतील, असे राज्यकर्त्यांना वाटणे स्वाभाविक होते. तसे झाले नाही. पिण्याला नळ आणि देवाला विहीर, अशी वाटणी घराघरांत झाली. तोटीतल्या चामड्याच्या चकतीला लागून आलेले पाणी सोवळ्यात कसे चालणार, हा प्रश्न तेव्हा थट्टेचा नव्हता.

संघर्ष पेटला तो डासावरून. हिवताप डासामुळे पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७मध्ये सिकंदराबादेत दाखवून दिले. मुंबईतल्या हिवतापाची पाहणी डॉ. बेंटली यांनी केली. १९११च्या त्यांच्या अहवालाने बोट ठेवले ते घरोघरच्या विहिरींवर. अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी ही डासाची जात दलदलीची वाट पाहत नाही. विहिरीचे, टाकीचे स्वच्छ पाणी तिला पुरते. विहिरी बुजवा किंवा डास शिरणार नाही अशा झाका, असा पालिकेचा आग्रह सुरू झाला.

आणि अर्जांचा पाऊस पडला. पालिकेच्या सेवेत असलेले आणि पुढे महापालिका आयुक्त झालेले रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी या वादातून विहिरींच्या लोकश्रद्धांचा अभ्यास हाती घेतला. १९१८मध्ये त्यांचे ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. वेगवेगळ्या धर्मांची माणसे इथे एकाच बाजूला उभी दिसतात. पारशांसाठी पाणी म्हणजे आवां अर्द्वीसूरचे स्थान आणि अग्यारीच्या विधींची गरज. त्यावर सूर्याचा किरण पडला पाहिजे. हिंदूंना पूजेला वाहते किंवा जिवंत झऱ्याचे पाणी हवे. जैन आचारात पाणी गाळल्यावर गाळणीतले जीव मूळ पाण्यातच परत सोडायचे असतात. विहीर बंद झाली तर ते सोडायचे कुठे? ईस्ट इंडियन लग्नात तर ‘उंबराचं पाणी’ आणायला वाजतगाजत विहिरीवरच जातात. शिवाय विहिरीत राहणाऱ्या संत-भुतांचे भय सर्वांना समान होते. जाळीच्या झाकणासारखी तडजोड काही ठिकाणी निघाली. कित्येक विहिरी मात्र कायमच्या बंद झाल्या.

इथपर्यंत वाचून मी भारावलो होतो. केवढा हा शेजारधर्म! मग एक साधा प्रश्न पडला: अर्ज करणाऱ्यांत कोण नव्हते? ज्यांना त्या विहिरीवर पोहरा टाकायची मुभाच नव्हती, ते कशासाठी अर्ज करतील? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी, आणि तो कागदावरच राहिल्यामुळे २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. आमच्या चौकातली विहीर ‘सगळ्यांची’ होती, ती आमच्यातल्या सगळ्यांची. नळाने भेद मिटवला नाही, पण पाण्याचा मालक बदलला. ज्या पाण्यावर वाडीची सत्ता होती, त्या जागी निदान नियमाने सर्वांसाठी असलेले पाणी आले. पालिकेने विहिरी झाकल्या त्या डासांसाठी. पण त्या झाकणाखाली आणखीही काही बंद झाले, आणि त्याबद्दल मला हळहळ वाटत नाही.

तरीही विहीर बुजवून टाकावी असे मला वाटत नाही. चर्चगेटजवळची १७२५ची भिखा बेहराम विहीर समुद्राच्या इतक्या जवळ असून आजही गोडे पाणी देते, कारण तिची निगा राखणारे लोक आहेत. एप्रिल २०२५मध्ये टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा तलावांवर विसंबलेल्या या शहरात भूजलावरही किती कामे चालतात ते दिसले. आणि स्टीफेन्सी? ती कुठेच गेलेली नाही. विहिरी झाकल्यावर गच्चीवरच्या उघड्या टाक्या तिला आयत्याच मिळाल्या.

पुढच्या बैठकीत मी उठून म्हटले, "नकाशात विहीर दाखवा. जाळी बसवा, पावसाचे पाणी तिच्यात सोडा, आणि पाणी वापरायला कुणालाही मज्जाव नको." थोडी शांतता झाली. मग मागच्या रांगेतल्या काकूंनी विचारले, "पण लादीखाली पाणी आहे का अजून?"

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी पहारीने लादीचा कोपरा उचलला आणि एक खडा आत टाकला. क्षणभराने खालून ‘डुबुक्’ असा आवाज आला. नकाशावर अजून निर्णय व्हायचा आहे.