मुंबईचा रक्तगट

लग्न ठरवताना आमच्याकडे खानदान पाहतात, शेजारी कूळ पाहतात. दोघांनाही रक्त ‘आपल्यातलंच’ हवं असतं. अशा वेळी मला १९५२ साल आठवतं. त्या वर्षी मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नवा रक्तगट मांडला. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’ रक्त चढवलं तर जीव जाऊ शकतो. कारण ‘ए’ आणि ‘बी’ ज्या पायावर उभे राहतात, तो ‘एच’ घटकच या माणसांच्या रक्तपेशींवर नसतो.

कधीतरी कुणा पूर्वजाच्या १९व्या गुणसूत्रावर एका जनुकातलं एकच अक्षर बदललं. हे उत्परिवर्तन. पुढचं काम अर्धसूत्री विभाजनाचं. बीजपेशी बनताना गुणसूत्रांच्या २३ जोड्यांतून एकेकच उचललं जातं. नुसत्या या निवडीतून सुमारे ८४ लाख जुळण्या होतात (चौऱ्याऐंशी लक्ष योनींशी संबंध नाही!), शिवाय जोडीदार गुणसूत्रं आपसात तुकडे बदलतात, ते वेगळंच.

असं जनुक एकेरी असलं की पिढ्यानपिढ्या गुपचूप चालतं. आईबाप दोघांकडे असेल, तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता. आमची चुलत-मावस लग्नं आणि शेजाऱ्यांची मामेबहिणीशी होणारी लग्नं, दोन्हींत ती जुळणी वाढते.

मुंबईत साधारण १०,००० माणसांत एक जण या गटाचा. त्याला याच गटाचा दाता लागतो, आणि सख्ख्या भावंडांतही तो सापडेलच असं नाही.