वाळूतला बटाटा आणि जमीनदाराची भट्टी

बर्लिनभोवतीचा ब्रँडेनबुर्ग प्रांत आणि त्याच्या पूर्वेला व उत्तरेला पसरलेले पोझेन व पोमेरेनिया हे प्रदेश बऱ्याच अंशी हिमनद्यांनी मागे टाकलेल्या वाळूवर वसलेले आहेत. अशा जमिनीत गहू क्वचितच साधतो, राय कशीबशी तग धरते, बटाटा मात्र समाधानकारक येतो. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने 24 मार्च 1756 रोजी बटाट्याच्या लागवडीचा हुकूम काढला, तेव्हा त्याच्यासमोर प्रजेच्या पोटाचा प्रश्न होता. पुढच्या शतकात मात्र या प्रदेशातील मोठ्या जमीनदारांच्या शेतांत पिकणारा बराचसा बटाटा त्यांच्याच वाड्यालगतच्या भट्टीत जाऊ लागला, त्यातून अल्कोहोल निघू लागले आणि उरलेल्या चोथापाण्यावर गोठे भरले. या व्यवस्थेचा इतिहास दारूचा किंवा करांचा इतिहास म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. परंतु वाळूसारख्या दरिद्री जमिनीतून कंदाने उचललेले अन्नद्रव्य पुन्हा त्याच जमिनीत कसे पोहोचवायचे, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न होता, आणि त्या बाजूने पाहिल्यावाचून तिचे दीर्घायुष्य उलगडत नाही.

बटाट्याचे पीक पालाशाच्या, म्हणजे पोटॅशच्या, बाबतीत फार खादाड असते. पानांत तयार झालेली साखर कंदाकडे वाहून नेण्याच्या आणि तिथे तिचे पिष्ट, म्हणजे स्टार्च, होण्याच्या क्रियेत पालाशाची गरज लागते, आणि काढणीच्या वेळी त्याचा मोठा हिस्सा कंदातच साठलेला असतो. एक टन कंदांबरोबर सुमारे 3 ते 3.5 किलो नत्र, 1.2 ते 1.4 किलो स्फुरद (फॉस्फरस ऑक्साइडच्या रूपात) आणि 5 ते 6 किलो पालाश (पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात) शेताबाहेर जातो. हेक्टरी 10 टन उत्पन्न धरले तरी एका हंगामात 50 ते 60 किलो पालाश जमिनीतून उठतो. चिकणमातीचे कण पालाश धरून ठेवतात, पण वाळूत असे कणच थोडे असल्यामुळे जो काही पालाश असतो तो पावसाबरोबर खाली झिरपतो, आणि बटाट्याची मुळे उथळ असल्याने तो त्यांच्या आवाक्याबाहेर जातो. त्यामुळे कंद बाजारात विकत राहणारा शेतकरी आपली जमीनही थोडीथोडी विकत होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

ही गोष्ट त्या काळी सर्वांना उमगलेली नव्हती. 1806 मध्ये म्योग्लिन येथे कृषिशिक्षणाची संस्था काढणारा आल्ब्रेख्ट थेअर हा वनस्पती मुख्यतः कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यावर, म्हणजे ह्यूमसवर, पोसतात असे मानत होता. त्याचाच शिष्य कार्ल श्प्रेंगेल याने 1820च्या दशकात खनिज क्षारांचे महत्त्व मांडले, आणि युस्टुस लीबिगच्या 1840 मधील ग्रंथाने तो विचार युरोपभर नेला. श्रेय लीबिगच्या वाट्याला अधिक आले, ते न्यायाला धरून नव्हते. या नव्या रसायनशास्त्रातून भट्टीवाल्यांच्या पथ्यावर पडणारा एक निष्कर्ष निघत होता. अल्कोहोल कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या तीनच मूलद्रव्यांचे बनलेले असते, आणि ही तिन्ही पिकाला हवेतून व पाण्यातून मिळतात. म्हणजे पिपांतून शेताबाहेर जाणाऱ्या मालाबरोबर पालाश, स्फुरद आणि नत्र यांपैकी काहीच जात नाही, ते सारे भट्टीच्या तळाशी राहते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून निघणाऱ्या स्पेंट वॉशमध्ये पालाशाचे प्रमाण मोठे असते, तेही याच कारणाने.

या उरलेल्या द्रवाला जर्मनीत श्लेम्पे म्हणत. 100 किलो बटाट्यांपासून साधारण 10 ते 12 लिटर शुद्ध अल्कोहोल मिळे आणि त्याच्या दहापटीहून अधिक श्लेम्पे उरे. बर्लिनच्या पिस्टोरियसने 1817 मध्ये ऊर्ध्वपातनाचे, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करण्याचे, असे यंत्र बनवले, की बटाट्याच्या दाट आंबवणातूनही एकाच खेपेत तीव्र अल्कोहोल निघू लागले. प्रशियात कर आंबवणाच्या पिपांच्या आकारमानावर बसत असल्यामुळे दाट आंबवण फायद्याचे ठरले, आणि धान्यापेक्षा बटाटा सरस झाला. पिष्ट आंबून गेल्यावर श्लेम्पेत प्रथिने, यीस्ट आणि क्षार उरत. हंगाम शरद ऋतूपासून वसंतापर्यंतचा, म्हणजे नेमका वैरणीच्या टंचाईचा असे. गरम श्लेम्पेत भुसा आणि चिरलेला पेंढा कालवून केलेल्या आंबोणावर बैल पुष्ट केले जात आणि गाई दुभत्या ठेवल्या जात. अर्थात हे आंबोण निर्दोष नव्हते. श्लेम्पेचा मारा अधिक झाला, की जनावरांच्या मागच्या पायांवर ओलसर, खाजरे चट्टे उठत, आणि या विकाराला पशुवैद्यकात श्लेम्पेवरूनच नाव मिळाले आहे. श्लेम्पे लवकर नासते आणि नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असल्याने ती दूर नेणे परवडत नाही, त्यामुळे गोठा भट्टीजवळ, उकिरडा गोठ्याजवळ आणि भरपूर शेणखत मिळणारी शेते उकिरड्याजवळ, अशी या जमीनदारींची रचना होत गेली.

चक्र कागदावर जितके पूर्ण दिसते तितके ते प्रत्यक्षात पूर्ण नव्हते. दूध, मांस आणि हाडे यांच्याबरोबर स्फुरद व चुना बाहेर जात असे; गोमूत्रात पालाशाचा मोठा भाग उतरतो, पण ते गोठ्यातून वाहून गेले तर तो बुडे; उघड्या उकिरड्यातून नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडे. शिवाय एखादी भट्टी आजूबाजूच्या लहान शेतकऱ्यांकडून बटाटे विकत घेई, तेव्हा त्यांच्या जमिनीतील पालाश जमीनदाराच्या उकिरड्यात जमा होई. किमतीच्या हिशेबात हे कुठेही दिसत नाही, आणि म्हणून या व्यवस्थेच्या स्तुतिपाठकांनी त्याची दखल घेतली नाही.

तूट भरून काढण्याचे साधन अनपेक्षित ठिकाणी सापडले. मागडेबुर्गच्या दक्षिणेला श्टासफुर्ट येथे 1850च्या दशकात मिठासाठी खाणी खोदल्या गेल्या, आणि मिठावरचे कडू क्षार निरुपयोगी म्हणून बाजूला टाकले जाऊ लागले; आडोल्फ फ्रांक याने 1861 मध्ये त्यांपासून पालाशखत बनवण्याचा कारखाना काढला. पुढे आल्टमार्कमधील लूपिट्स येथे आल्बेर्ट शुल्ट्स या शेतकऱ्याने निकस वाळूत मार्ल ही चुनखडीयुक्त माती आणि काइनिट हे श्टासफुर्टचे कच्चे खनिज घालून लुपिन हे द्विदल पीक हिरवळीच्या खतासाठी घेतले, आणि त्याच्या बेवडावर नत्र न विकत घेता धान्य व बटाटा पिकवला. द्विदल वनस्पती मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र घेतात, हे हेल्रीगेलने 1886 मध्ये प्रयोगांनी दाखवले. शुल्ट्सचा अनुभव त्याआधीचा होता. भट्टीसाठी बटाटा लावणाऱ्यांना मात्र काइनिट जपून वापरावे लागे, कारण त्यातील क्लोराइडमुळे कंदातील पिष्टाचे प्रमाण घटते, आणि भट्टीला तर पिष्टाशीच देणेघेणे असते. म्हणून ते आधीच्या पिकाला किंवा शरद ऋतूत देऊन हिवाळ्याच्या ओलीने क्लोराइड खाली धुऊन जाऊ देण्याची पद्धत पडली.

बिस्मार्कच्या कारकिर्दीत 1887 साली झालेल्या मद्यार्ककराच्या कायद्याने या शेतीव्यवहाराला कायद्याचे रूप दिले. सवलतीस पात्र असणाऱ्या ‘शेतकी भट्टी’ची व्याख्या अशी होती, की तिचा शेष द्रव मालकाच्याच शेतावरील जनावरांना खाऊ घातला पाहिजे आणि त्यापासून होणारे खत मालकाच्याच जमिनीत पडले पाहिजे. अन्नद्रव्यांच्या परतफेडीला करसवलतीची अट करणारा हा नियम आजही अभ्यासण्याजोगा आहे. मात्र त्याच कायद्याने ठरावीक कोट्यातील अल्कोहोलवर हेक्टोलिटरला 50 मार्क आणि त्यापलीकडे 70 मार्क कर ठेवून 20 मार्कांचा जो फरक भट्टीवाल्यांच्या पदरात टाकला, त्याला विरोधक ‘प्रेमाची भेट’ म्हणून हिणवत. एल्ब नदीच्या पूर्वेच्या जमीनदारवर्गाला बटाट्याच्या दारूनेच तारले, असा आरोप फ्रीडरिख एंगेल्सने 1876 मध्येच केला होता, आणि त्यातील कडवटपणा वगळला तरी तथ्य उरते: वाळूतून संपत्ती निर्माण झाली, तिची किंमत शेतमजुरांनी आणि स्वस्त दारूच्या आहारी गेलेल्या गरिबांनी मोजली.

मद्यपानाबाहेर अल्कोहोलला गिऱ्हाईक शोधण्याची खटपट यानंतर वाढली. बर्लिनमध्ये 1902 साली भरलेल्या प्रदर्शनात अल्कोहोलवर जळणारे दिवे, शेगड्या आणि इंजिने मांडली गेली, आणि 1930 पासून जर्मनीत मोटारींच्या इंधनात अल्कोहोल मिसळण्याची सक्ती आली. पहिल्या महायुद्धानंतर सरकारी मक्तेदारी ठरावीक दराने अल्कोहोल विकत घेत राहिल्यामुळे भट्ट्या तगल्या, पण पालाशाची गोणी स्वस्त झाल्यावर श्लेम्पेला खत म्हणून असलेले मोल उरले नाही. युरोपीय संघाच्या स्पर्धानियमांमुळे या भट्ट्यांचे अनुदान 2013 मध्ये बंद झाले, आणि 31 डिसेंबर 2017 रोजी मक्तेदारीही संपुष्टात आली.